बेक्सहिलचे पुडिंग आणि आपला बहिरेपणा

विलायती विनोदाविषयी आपल्या साहित्यचर्चेत मुळात फारसे बोललेच जात नाही. जे थोडेफार बोलले जाते त्यात बीबीसीच्या 'गून शो'चे नाव निघालेच, तर पाठोपाठ एक विशेषण हमखास येते: 'निव्वळ नॉनसेन्स'. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कौतुकच असते. अर्थाच्या जोखडातून सुटलेला विनोद, शुद्ध वेडेपणा, खुळ्या कल्पनांची आतषबाजी वगैरे वगैरे. पण हे कौतुक ही एक सोयीस्कर पळवाट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादी संहिता निरर्थक आहे असे एकदा जाहीर केले, की तिचा अर्थ लावण्याची जबाबदारी संपते. समीक्षकाला विश्रांती, प्राध्यापकाला विश्रांती, आणि विद्यार्थ्याच्या वहीत एक शब्द. त्या शब्दाखाली नेमके काय गाडले गेले आहे, हे पाहायचे असेल तर एकच भाग नीट ऐकणे पुरेसे आहे. मी येथे १२ ऑक्टोबर १९५४ रोजी बीबीसी होम सर्व्हिसवरून प्रसारित झालेला भाग घेतो. त्याचे नाव 'द ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर ऑफ बेक्सहिल-ऑन-सी'. मराठीत सांगायचे तर बेक्सहिल गावचा भयंकर पुडिंगफेक्या.

ज्यांनी हा कार्यक्रम ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. 'गून शो' २८ मे १९५१ रोजी 'क्रेझी पीपल' या नावाने सुरू झाला आणि जानेवारी १९६० मध्ये संपला. लेखनाचा मुख्य भार स्पाइक मिलिगनवर होता. त्याच्यासोबत पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोंब हे नट, आणि पहिल्या काही मालांपर्यंत मायकेल बेंटाइन. आरंभी हा सुट्या प्रहसनांचा कार्यक्रम होता. पुढे अर्ध्या तासात एक सलग कथानक, मध्ये मॅक्स गेल्ड्रेचे हार्मोनिका आणि रे एलिंग्टनचे गाणे, असा त्याचा साचा ठरला. हे चौघेही दुसऱ्या महायुद्धात गणवेश घातलेले. मिलिगन आणि सीकोंब तोफखान्यातले, सेलर्स हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थान-ब्रह्मदेशापर्यंत फिरलेला, बेंटाइन हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागातला. त्यांचा श्रोताही बराचसा तसाच होता: लष्करातून सुटून नऊ-दहा वर्षे झालेला, नोकरीला लागलेला, आणि युद्धाबद्दल घरी फारसे न बोलणारा.

आता भाग ऐकू. साल १९४१. इंग्लिश खाडीच्या काठी बेक्सहिल हे म्हाताऱ्यांचे, पेन्शनरांचे गाव. पलीकडच्या किनाऱ्यावर जर्मन सैन्य. आक्रमण आज होईल की उद्या, अशी अवस्था. ब्लॅकआउटचे कडक नियम लागू. आणि तरीही गावातली प्रतिष्ठित वृद्ध मंडळी सायंकाळची रपेट सोडत नाहीत. हेन्री क्रन आणि मिनी बॅनिस्टर हे थरथरत्या आवाजाचे जोडपे वाऱ्यापावसात फिरत असताना अंधारातून काहीतरी येऊन मिनीला लागते. ते असते बॅटर पुडिंग, म्हणजे मैदा, अंडी आणि दूध यांच्या घोळाचे भाजलेले पक्वान्न. काय लागले हे पाहण्यासाठी काडी ओढावी, तर ब्लॅकआउट. उजेड केला की तोफेचा गोळा येणार. पुढे गावातल्या आणखी वृद्धांवर असेच हल्ले होतात. नेडी सीगून तपासाला लागतो. एका पुडिंगात लष्करी बूट सापडतो, म्हणजे गुन्हेगार लष्करातला. सैन्य जहाजाने उत्तर आफ्रिकेच्या वाटेला लागते, तपासही त्याच्यामागे समुद्रावर जातो. शेवटी एका जीवरक्षक होडीत भुकेने व्याकूळ झालेली माणसे, पकडला गेलेला मोरियार्टी, आणि पुरावा म्हणून जपलेले एक पुडिंग. आता पेच असा: पुडिंग खाल्ले तर जीव वाचतो, पण पुरावा नष्ट होतो. नाही खाल्ले तर न्याय शाबूत राहतो, पण फिर्यादीच मरतो. हा पेच निवेदक श्रोत्यांपुढे ठेवतो आणि तसाच सोडून देतो. मग, ज्या मठ्ठांना सुखान्तच हवा असेल त्यांच्यासाठी, एक प्रियकर, एक प्रेयसी, लग्नाची मागणी आणि होकार अशी दोन वाक्यांची शेपटी जोडली जाते. कार्यक्रम संपतो.

हे निरर्थक आहे?

पहिल्या विनोदापासूनच पाहा. अंधारात कुणीतरी मारतो आहे, कोण मारतो ते पाहण्यासाठी उजेड हवा, आणि उजेड केला तर त्याहून मोठे मारणारे जागे होतात. ही अवस्था मिलिगनने कल्पनेने रचलेली नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने ती काही वर्षे जगलेली होती. विनोद इतकाच, की मरणाच्या जागी पुडिंग ठेवले आहे. वस्तू बदलली, पण तर्काची साखळी जशीच्या तशी राहिली. ज्याला आपण निरर्थक म्हणतो ते प्रत्यक्षात अतिशय काटेकोर तर्कशास्त्र आहे. केवळ एक पद बदलल्यामुळे त्या तर्काचा सांगाडा उघडा पडतो. पुडिंगफेकीचा तपास ज्या गांभीर्याने होतो, त्याच गांभीर्याने युद्धकाळातली नोकरशाही बटणांचा आणि ब्लँकेटांचा हिशेब ठेवत असे. शेजारी शहर जळत असले तरी हिशेब चुकत नसे.

आणि पुडिंगच का? येथे एक साधा ऐतिहासिक तपशील कामी येतो, आणि तो कुणी विचारात घेतलेला मला दिसलेला नाही. ब्रिटनमधले युद्धकालीन रेशनिंग पूर्णतः संपले ते ४ जुलै १९५४ रोजी. हा भाग त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी ऐकवला गेला. १९४० पासून चौदा वर्षे जे घर कुपनांवर चालले, त्या घराची कुपनांवाचूनची ही पहिली शरद ऋतूची मोसमी संध्याकाळ. कथानकातले साल १९४१, म्हणजे अंड्यांवर नियंत्रण येऊन माणशी आठवड्याला एक अंडे असा हिशेब सुरू झाला ते साल. त्या वर्षात कुणीतरी मैदा, अंडी आणि दूध रात्रीच्या अंधारात म्हाताऱ्यांच्या अंगावर भिरकावतो आहे! १९५४ च्या श्रोत्याला हसू कशाचे आले असेल? फेकीचे तर आलेच. पण त्याखाली त्या उधळपट्टीचा शहारा होता, आणि ज्या भुकेबद्दल आता बोलायचे नसते तिची आठवण होती. शेवटच्या होडीत तीच भूक उघडपणे येते. फेकण्याची वस्तू खाण्याची वस्तू होते आणि खाण्याची वस्तू कायद्याचा पुरावा. एका पदार्थाचा हा तीन पायऱ्यांचा प्रवास कथेत कुणी रचला असता, तर आपण तिच्या 'प्रतीकयोजने'वर दहा गुणांचा प्रश्न काढला असता.

राहिले बेक्सहिल. हे गाव चिठ्ठी टाकून निवडलेले नाही. १९४० च्या उन्हाळ्यात मिलिगन सैन्यात दाखल झाला तो रॉयल आर्टिलरीच्या ५६ व्या हेवी रेजिमेंटमध्ये, आणि ती तुकडी तेव्हा बेक्सहिललाच होती. पहिल्या महायुद्धातल्या जुन्या अवजड तोफा, आणि त्यांना गोळे नाहीत. मग सराव कसा करायचा? तर गोलंदाजांनी एकसुरात तोंडाने 'धडाम' म्हणायचे. मिलिगनने हे १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या युद्धस्मरणांच्या पहिल्या खंडात नोंदवले आहे. तोंडाने धडाम म्हणणारी तोफखान्याची रांग ही 'गून शो'तली कल्पना वाटते ना? ती त्याच्या मते वस्तुस्थिती होती. पुढे त्याची तुकडी जानेवारी १९४३ मध्ये अल्जीर्सला उतरली, तेथून इटलीत गेली. जानेवारी १९४४ मध्ये कॅसिनोच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि मनाने कोसळला. बेक्सहिल, सैन्याचे जहाज, उत्तर आफ्रिका: पुडिंगफेक्याच्या तपासाचा मार्ग हा मिलिगनच्या स्वतःच्या युद्धाचा मार्ग आहे. १९५२ च्या अखेरीस, कार्यक्रम ऐन भरात असताना, त्याला मानसिक आघातामुळे रुग्णालयात राहावे लागले. पुढचे आयुष्यही या आजाराच्या सोबतीनेच गेले.

येथे कुणी मला अडवील आणि म्हणेल, ही चरित्रात्मक समीक्षा झाली. लेखकाच्या जीवनावरून संहितेचा अर्थ काढणे आपण केव्हाच टाकून दिले. आक्षेप मान्य करण्याजोगा असता, जर साल, गाव, ब्लॅकआउट, बूट आणि जहाज मी चरित्रातून आणून संहितेत कोंबले असते. ते सारे संहितेतच आहे, पहिल्या मिनिटापासून, आणि तेही बीबीसीच्या अधिकृत, गंभीर, बातम्यांच्या स्वरात. वॉलेस ग्रीनस्लेड हा या कार्यक्रमाचा निवेदक बीबीसीचा खराखुरा उद्घोषक होता. त्या साच्यातला आवाज श्रोत्यांनी युद्धाच्या वर्षांत रोज ऐकला होता. त्याच आवाजात आता पुडिंगफेकीचे वृत्त येते. ज्या आवाजावर अख्ख्या देशाने विश्वास ठेवला होता, त्याच्याकडूनच हे वदवून घेतले जाते. यात उपहास नसेल तर उपहास हा शब्द आपण कशासाठी राखून ठेवला आहे?

आणखी एक गोष्ट. 'गून शो'त सतत स्फोट होतात. ब्लूबॉटल हा किरट्या आवाजाचा पोरगा, जो स्वतःच्या रंगसूचनाही मोठ्याने वाचून दाखवतो, तो आठवड्यामागून आठवडे उडवला जातो. तक्रार करतो, शिव्या देतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. या कार्यक्रमात कुणीही मेलेला राहत नाही. ज्या पिढीचे मित्र ट्युनिशियात आणि इटलीत मेले ते मेलेलेच राहिले, त्या पिढीने हे ऐकत हसावे यात मला तरी काही खुळे दिसत नाही. कर्कश आवाज मिलिगनला जन्मभर सहन होत नसत. त्याच माणसाने दर आठवड्याला ध्वनिपरिणामांच्या खोलीत बसून स्फोट अधिकाधिक बिनचूक करून घ्यावेत, आणि त्यासाठी बीबीसीच्या तंत्रज्ञांशी भांडावे, याला निव्वळ वात्रटपणा म्हणणारांनी आपले कान तपासून घ्यावेत.

'निव्वळ नॉनसेन्स' म्हणणारांहून थोडी अधिक वाचलेली मंडळी दुसरे टोक गाठतात. त्यांच्या लेखी 'गून शो' म्हणजे असंगत नाट्याचा पूर्वज. तारखाही सोयीच्या आहेत: बेकेटचे 'गोदो' पॅरिसमध्ये जानेवारी १९५३ मध्ये आले, लंडनमध्ये ऑगस्ट १९५५ मध्ये, आणि आपले पुडिंग बरोबर दोहोंच्या मध्ये. मार्टिन एस्लिनने १९६१ साली 'थिएटर ऑफ द अब्सर्ड' हे नाव रूढ केले, आणि तोच एस्लिन पुढे १९६३ पासून बीबीसीच्या रेडिओ नाट्यविभागाचा प्रमुख झाला. असे धागे जुळवायला मजा येते हे खरे. पण ही बढती म्हणजे पुन्हा तीच फसवणूक आहे, फक्त अधिक प्रतिष्ठित. 'निरर्थक'च्या जागी 'मानवी अस्तित्वाची निरर्थकता' आली. पुडिंगफेक्याच्या गोष्टीतली निरर्थकता अस्तित्वाची मुळीच नाही. ती एका विशिष्ट सैन्याची, विशिष्ट सरकारची आणि विशिष्ट वर्गव्यवस्थेची आहे. हर्क्युलिस ग्रिटपाइप-थिन हा गुळगुळीत उच्चभ्रू बोलीचा लफंगा आणि मेजर ब्लडनॉक हा पैसे खाणारा, पळपुटा, पोट बिघडलेला लष्करी अधिकारी ही दोन पात्रे या मालिकेत सदैव का फिरत असतात? कारण साधा गोलंदाज ज्यांच्या हुकमाने मरायला गेला, ते त्याला असे दिसले होते. गोदोची वाट पाहणाऱ्यांना कोणी रेजिमेंट क्रमांक दिलेला नाही. सीगूनच्या जगात प्रत्येकाला क्रमांक आहे, हुद्दा आहे आणि पेन्शन आहे. त्याला 'वैश्विक' करणे म्हणजे त्याचे दात काढणे.

खरे साम्य शोधायचेच असेल तर ते तत्त्वज्ञानात न शोधता कारखान्यात शोधावे. बेकेटचे 'ऑल दॅट फॉल' हे नभोनाट्य जानेवारी १९५७ मध्ये बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवरून सादर झाले. त्याला हवे तसले ध्वनी नेहमीच्या ठोकळेबाज पद्धतींतून मिळेनात. असल्या गरजांतूनच १९५८ मध्ये बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप उभी राहिली. याच वर्कशॉपच्या पहिल्या काही कामांत मेजर ब्लडनॉकच्या पोटातल्या गुरगुरीचा आवाजही आहे. अभिजात बेकेट आणि ब्लडनॉकची आतडी एकाच खोलीतून बाहेर पडली. आपण मात्र पहिल्याला नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात जागा देतो आणि दुसऱ्याला करमणुकीच्या रकान्यात. दोघांनाही ध्वनी हीच संहिता आहे, हे आपल्याला दिसत नाही, कारण आपण संहिता डोळ्यांनी शोधतो.

हा मुद्दा आपल्या विभागांना अधिक झोंबणारा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. 'गून शो'च्या निवडक संहितांचे पुस्तक १९७२ साली निघाले, त्यात हा भागही आहे. ते पुस्तक वाचून पाहावे. निम्मा विनोद कागदावरून उडून गेलेला आढळतो. पावलांचा आवाज दूर जातो, दार बंद होते, मग तीच पावले दुसऱ्या बाजूने येतात, आणि ऐकणारा आपल्या मनात एक अशक्य खोली बांधतो. ही खोली छापता येत नाही. तिचे रंगमंचावर नेपथ्य करता येत नाही, चित्रपटात तर नाहीच. ती फक्त ऐकणाऱ्याच्या डोक्यात, काही सेकंद, उभी राहते. साहित्यशास्त्रात ज्याला आपण वाचकाचा सहभाग म्हणतो, त्याचा याहून शुद्ध नमुना मला ठाऊक नाही. आपल्याकडे श्रुतिका नावाचा प्रकार कितीतरी वर्षे लिहिला आणि ऐकला गेला. अभ्यासक्रमात तो आला तर छापील पुस्तकातून, आणि शिकवला जातो तो 'संवादप्रधान लेखन' या नावाखाली. वर्गात ध्वनिमुद्रण लावण्याची सूचना केली की पहिला प्रश्न येतो, यावर परीक्षेत काय विचारणार? मी अशा बैठकांत बसलेलो आहे. कानाने वाचायची संहिता डोळ्यांच्या परीक्षेत बसत नाही, म्हणून ती साहित्य नाही, असा हा न्याय आहे. पुडिंग खाल्ले तर पुरावा जातो, या न्यायाहून तो फार निराळा नाही.

आता एक विषय उरतो, आणि तो आपल्या अंगणातला आहे. स्पाइक मिलिगनचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगरला झाला. हे शहर आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते. वडील लिओ मिलिगन हे आयरिश, ब्रिटिश सैन्याच्या तोफखान्यात. बालपणाची काही वर्षे पुण्याच्या कँपात गेली, काही रंगूनमध्ये, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी कुटुंब इंग्लंडला परतले. ही माहिती हाती लागली की आपल्याकडे कुणीतरी हटकून मोहरून जातो. 'नगरचा सुपुत्र', 'पुण्याच्या मातीतला विनोद' अशी शीर्षके सुचू लागतात. मला या अभिमानाचा मनस्वी कंटाळा आहे. ज्या माणसाची एक ओळही आपण वर्गात ऐकवलेली नाही, त्याच्या जन्मदाखल्यावर हक्क सांगण्यात कसले साहित्यप्रेम? शिवाय तो नगरात जन्मला, पण नगरचा नव्हता. तो छावणीचा होता. छावणी हा देशाच्या आत वसवलेला निराळा देश होता, आणि त्याच्या वेशीवरून मराठी मुलूख जेवढा ऐकू येई तेवढाच त्याच्या कानांत राहिला: आयांची आणि बेऱ्यांची हिंदुस्थानी, फेरीवाल्यांचे पुकार, बँडचे सूर. 'गून शो'त अधूनमधून हिंदुस्थानी शब्द सांडतात ते तेथले. त्यातली गंमत अशी, की साम्राज्याच्या सैनिकाचा, साम्राज्याच्या छावणीत जन्मलेला, साम्राज्यासाठी लढून जखमी झालेला हा मुलगा पुढे पासपोर्ट मागायला गेला तेव्हा त्याचे ब्रिटिशपणच वादात सापडले, आणि १९६२ मध्ये त्याने आयरिश नागरिकत्व घेतले. लष्करी कागदपत्रांच्या तर्कावर त्याने आयुष्यभर जे लिहिले, त्याला सरकारने दिलेले हे प्रशस्तिपत्रकच म्हणायचे.

पण छावणीच्या कानाची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल 'गून शो'चे चाहते गप्प बसतात. पुडिंगफेक्याच्या भागात ती नाही, इतर अनेक भागांत आहे. लालकाका आणि बॅनर्जी ही ती जोडी. सेलर्स आणि मिलिगन हेलकावे घेणाऱ्या हिंदी इंग्रजीत बोलतात. दोन मध्यमवर्गीय बाबू, काम शून्य, बडबड अखंड, स्टुडिओतले प्रेक्षक लोटपोट. क्रन आणि मिनी या म्हाताऱ्यांच्या थरथरत्या आवाजात मिलिगन-सेलर्सनी जी माया ओतली आहे, तिचा अंशही येथे नाही. म्हातारे हास्यास्पद आहेत, पण ते इंग्लंडच आहेत. बाबू हास्यास्पद आहेत ते केवळ त्यांच्या उच्चारामुळे. कार्यक्रमातलाच गायक रे एलिंग्टन याच्या काळ्या रंगावरचे विनोद त्याच्या समोर होत. मिलिगनने १९६९ साली 'करी अँड चिप्स' या दूरचित्रवाणी मालिकेत तोंडाला तपकिरी रंग फासून पाकिस्तानी-आयरिश कामगाराची भूमिका केली. ती मालिका सहा भागांत आटोपली, आणि बरे झाले.

या गोष्टी 'त्या काळाच्या' म्हणून सोडून देण्याची एक शिष्ट पद्धत आहे. ती मला मान्य नाही, आणि तिच्या उलट, या गोष्टींवरून सगळा 'गून शो' बाद करण्याची हल्लीची घाईसुद्धा मान्य नाही. दोन्ही पद्धतींत ऐकणे टळते. नीट ऐकले तर फरक कानाने पकडता येतो. पुडिंगफेक्याच्या भागात विनोदाचा रोख हुकूम देणाऱ्यांकडे आहे. त्यात मिलिगन गोलंदाजाच्या जागेवरून बोलतो, आणि आपल्या पिढीच्या भुकेला, भीतीला, मेलेल्या मित्रांना आवाज देतो. लालकाका-बॅनर्जीत तोच माणूस साहेबाच्या व्हरांड्यातून बोलतो. एकाच लेखकाचा कान एका दिशेने इतका तीक्ष्ण आणि दुसऱ्या दिशेने इतका बधिर कसा, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे. तो प्रश्न 'नॉनसेन्स' या शब्दाने कधीही विचारता येणार नाही. कारण नॉनसेन्स सगळीकडे सारखाच निष्पाप असतो, अशी आपली समजूत आहे.

हा प्रश्न वर्गात विचारायचा तर दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकवावी लागतील. आधी बेक्सहिल, मग लालकाका. दुसऱ्याच्या वेळी विद्यार्थी अवघडतील, अपमान झाल्यासारखे एकमेकांकडे पाहतील, आणि ते योग्यच आहे. मग त्यांना सांगावे, की लालकाका हे मुंबईच्या पारश्यांतले आडनाव आहे. आपल्या प्रहसनांत आणि एकांकिकांत पारशी बावाजीच्या मराठीला, दक्षिणेकडच्या 'अण्णा'च्या हिंदीला, गुरख्याच्या 'शाब'ला प्रेक्षागृहाने दिलेला हशा आठवायला सांगावा. तो बहुतेकांना आठवतो, आणि तेव्हा कुणीही अवघडलेले नसते.